बाहेरचं काही खाल्लं होतं का?

आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. इथे मला हुडहुडी भरलीय, दातावर दात आपटतायत, पोटात कुणीतरी ओली चादर पिळावी तसं पिळतंय, आणि जो येतो तो उभ्या उभ्या विचारतो काय, तर बाहेरचं काही खाल्लं होतं का. अहो बाहेरचं काय बाहेरचं... मी बाहेर पाणीसुद्धा पीत नाही. खोटं नाही सांगत तुम्हाला. सकाळी निघताना चहा, तोही अर्धा कप, आणि मग दुपारी घरी येऊन चप्पल काढेपर्यंत घशाखाली थेंब नाही. वडापावच्या गाडीकडे मी मान वळवत नाही, पाणीपुरीवाला मला ओळखत नाही, आणि तरी ज्याला त्याला वाटतं की ही बाई रस्त्यात कुठेतरी चोरून शेवपुरी हाणते.

म्हणजे थांबा, नीट सांगते. मी जया. राहायला विक्रोळीला, कामाला एका लॅबमध्ये. लॅबमध्ये म्हणजे आत एसीत बसून नाही, फिरतीवर. तुम्ही सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला घरी माणूस बोलावता ना, तो माणूस म्हणजे मी. स्कूटी, पाठीला थंड पेटी, गळ्यात ओळखपत्र, आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जितक्या म्हणून सोसायट्या आहेत तितक्यांचे वॉचमन मला ओळखतात. ओळखतात आणि तरी रोज नाव-गाव लिहून घेतात, ते जाऊ दे. कामाला लागले तेव्हा ट्रेनिंगमध्ये एका मुलीने पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं होतं, कस्टमरच्या घरी कसं वागायचं. हसून बोलायचं. सोफ्यावर बसायचं नाही. पाणी मागायचं नाही. बाथरूम वापरायचं नाही. का, तर ते प्रोफेशनल दिसत नाही. बरं, नाही तर नाही. आपण काय तिकडे राहायला जातोय का?

तर त्या दिवशी मी मुलुंडला, एका उंच टॉवरमध्ये, सीतारामकाकांकडे. काका रिटायर माणूस, बोलायला गोड, पण शीर इतकी लाजरी की बोटाने चाचपून चाचपून शोधावी लागते. शोधली एकदाची. दंडाला पट्टा आवळलाय, स्पिरिटचा कापूस फिरवलाय, सुईचं टोपण काढलंय... आणि माझ्या पाठीच्या कण्यातून कुणीतरी बर्फाचं पाणी सोडलं. असं वाटलं हो, अगदी मानेपासून खाली. आणि हात जो नाचायला लागला, सुई अशी, अशी, अशी. काका सुईकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, पुन्हा सुईकडे. शेवटी अगदी हळू आवाजात बोलले, "जयाबाई, मला काही घाई नाहीये."

मी टोपण लावलं. लावलं म्हणजे तिसऱ्या खेपेला लागलं. काकू आतून आल्या, आधी एसी बंद करायला धावल्या, तर एसी बंदच होता. मग शाल आणली. ती त्यांची लग्नाकार्यातली शाल, मी घेईना, त्या सोडीनात. आणि थंडी थांबते न थांबते तोच ही कळ आली पोटात. उजव्या बाजूला, बरगडीच्या खालून, मागून पुढे. मी खाली फरशीवर बसले. सोफा समोर होता, पण ट्रेनिंग डोक्यात बसलंय ना. काकू बोलल्या, "काय गं, बाहेरचं काही खाल्लं होतंस का?" झालं. तिथून सुरुवात. मी बोलले, काकू, मी बाहेर पाणीसुद्धा पीत नाही. तर त्या बोलल्या, मग पी की आता, आणि गरम पाण्यात ओवा घालून भला मोठा पेला पुढे केला. मी बोलले, नको, अजून बरीच घरं व्हायचीत. काका बोलले, "घरांचा आणि पाण्याचा काय संबंध?" आता काय सांगणार त्यांना? मी हसले नुसती. पोटात कळ असताना हसणं म्हणजे कसं, तुम्हीच करून बघा.

खाली आले तर नितेशचा फोन. हा नितेश आमचा सुपरवायझर, मिसरूड फुटल्यावर लगेच सुपरवायझर झालाय, वाईट नाहीये पोरगा, पण त्याच्या डोक्यात एक ॲप आहे आणि त्या ॲपमध्ये आम्ही सगळ्या बायका हिरवे ठिपके. "ताई, तुमचा ठिपका हलत नाहीये." मी बोलले, ठिपक्याला थंडी वाजतेय. "ताई, मुलुंडचं सॅम्पल कॅन्सल दाखवतंय, पुढचा स्लॉट लेट होतोय, काय झालं?" सांगितलं. हुडहुडी, मग पोटात कळ. मला वाटलं आता बोलेल, घरी जा. तर बोलला, "ताई, बाहेरचं काही..."

फोन ठेवला मी.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे. म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडावर दवाखाना आहे, बाहेर चपलांचा ढीग, आत डॉक्टर. चांगला हात आहे त्यांचा, माझ्या पोरीचे सगळे आजार त्यांनीच काढले. पण गर्दी इतकी की तुमचं दुखणं सांगून व्हायच्या आत गोळी हातात पडते. मी बोलले, डॉक्टर, आधी थंडी वाजते आणि मग... "पोटात दुखतं. जीभ दाखवा. बाहेरचं खाणं बंद करा." अहो डॉक्टर, मी बाहेर पाणीसुद्धा... "छान, पाणी उकळूनच प्या." मलेरियाचं रक्त तपासायला सांगितलं. ते मीच माझं काढलं, डाव्या हातातून उजव्या हाताने, आणि पहिल्या झटक्यात काढलं, आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. मलेरिया नव्हता. मला उगाच वाईट वाटलं. मलेरिया असता तर निदान एक नाव तरी मिळालं असतं. नाव नसलेलं दुखणं म्हणजे काय होतं माहितीये का, जो तो येऊन आपलं आपलं नाव त्याला ठेवून जातो.

आता आमच्या घरी बघा. माझा नवरा अंबादास. विक्रोळीतच एका कंपनीच्या गोडाऊनला आहे. सरळ माणूस, पण या माणसाच्या मते माणसाला होणारं प्रत्येक दुखणं म्हणजे गॅस. डोकं दुखलं, वर चढलाय. पाय दुखला, खाली उतरलाय. मी पलंगावर गोधडीत गुंडाळून कापतेय, तर हा उशाशी बसून शांतपणे बोलतो, "जया, हा गॅसच आहे. अडकलाय." मी बोलले, गॅसने थंडी कशी वाजेल? तर बोलला, "गॅस थंड असतो." घरातल्या सिलिंडरला हात लावून दाखवला हो त्याने मला. आता बोला.

शेजारच्या रत्नप्रभाकाकी आल्या. त्या मालवणकडच्या, आमचा शेजार फार जुना, जिवाला जीव देणारी बाई. दारातूनच बोलल्या, "अगो जया, माका वाटता तुका भायरचा काय तरी लागला. तिनसांजेक खय गेललंस काय तू? पाय खय पडलो तुझो?" म्हणजे बघा, इथेही बाहेरचंच. बाकीच्यांचं बाहेरचं पोटात गेलेलं, ह्यांचं बाहेरचं अंगात आलेलं. नारळ उतरवून टाकूया बोलल्या. अंबादास उठलाच. "काकी, आम्ही बौद्ध, आमच्यात हे चालत नाही, तुम्हाला माहितीये." काकी बोलल्या, "बरां, तुमच्यात नाय तर नाय, माझ्यात उतरवतंय." आणि त्यांनी आपल्या घरात बसून, भिंतीच्या पलीकडून, माझ्यावरून नारळ ओवाळला. आम्हाला कळलं कसं? दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची वाटी आली ना. सासूबाईंनी चटणी केली. पोट दुखणाऱ्याला सोडून सगळ्यांनी खाल्ली.

आणि आमची जान्हवी. बारावी झाली, कॉलेजला जाते, हातात फोन. तिने फोनला विचारलं, अचानक थंडी वाजून नंतर पोटात दुखण्याची कारणं काय. फोन काय, भरभरून सांगायला बसलाय. पित्ताशयात खडा असेल. खडा सरकून नळीत अडकला असेल. अपेंडिक्स सुजलं असेल, फुटलं असेल. टायफॉईड. लिव्हरमध्ये पू. किडनीत काहीतरी. ती एकेक वाचतेय आणि मला एकेक व्हायला लागलंय. अपेंडिक्स वाचलं की दुखणं खाली सरकायचं, लिव्हर वाचलं की वर यायचं. मी बोलले, बाई, बंद कर. तर ती रडायला लागली. हळू आवाजात बोलली, "आई, प्रत्येकाच्या खाली लिहिलंय ताबडतोब दवाखान्यात न्या, आणि तू उद्याच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या भरतेयस."

भरत होते. कारण सकाळी पुन्हा बरं वाटायचं हो. हेच तर त्या दुखण्याचं. यायचं, पिळायचं, जायचं. आणि एक गोष्ट मी ह्यांतल्या कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्या आधी बरेच दिवस मला उन्हाळी लागली होती. लघवीला बसलं की आग, आणि सारखं जावंसं वाटायचं. पण ही काय सांगायची गोष्ट आहे का? डॉक्टरांच्या दवाखान्यात तो पडदा पंख्याने उडतो, बाकावर आमचीच अर्धी गल्ली, तिथे मी सांगू? घरी धन्याचं पाणी प्यायले दोनदा. आणि कामावर असताना... आता जिथे जायलाच मिळत नाही तिथे सारखं जावंसं वाटून करायचं काय? मनाला सांगायचं, नाही वाटत. मन ऐकतं. बायकांचं मन फार शहाणं असतं, सगळं ऐकतं.

मग डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. घाटकोपरला सेंटर. पोटाची सोनोग्राफी म्हणजे तुम्हाला माहितीये, रिकाम्या पोटी यायचं, वर भरपूर पाणी प्यायचं, आणि धरून बसायचं. प्रेशर आलं की सांगायचं. तुम्हाला सांगते, त्या खोलीत बसलेल्या माणसांची काय अवस्था. एक गृहस्थ पायावर पाय, पुन्हा दुसरा पाय, भिंतीकडे तोंड करून उभे. एक नवी सून, नवऱ्याचा हात घट्ट धरलाय, डोळ्यांत पाणी. एक मावशी तर काउंटरवर हात आपटत, "पोरी, माझा नंबर घे नाहीतर इथेच होईल, मग मला बोलू नकोस." आणि मी? मी बाटली संपवून गुपचूप मासिक चाळत बसलेय. दोन वेळा माझा नंबर मागे टाकला, दुसऱ्यांना पुढे सोडलं, मी हूं नाही की चूं नाही. काउंटरवरची पोरगी घाबरली. "ताई, तुम्हाला प्रेशर येत नाहीये का?" मी बोलले, अगं, प्रेशर येऊन जुनं झालं. माझं रोजचंच आहे, तू ह्यांना घे. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपण कशात तरी लोकांच्या पुढे आहोत.

आणि त्याच टेबलावर माझी वाट लागली. झोपवलं, पोटावर तो थंडगार चिकट पदार्थ लावला, मशीनचा दांडा उजव्या बाजूला दाबला, आणि तिथून जी कळ निघाली ती डोळ्यांसमोर काळं करून गेली. मागोमाग थंडी. आधी कधी आली नव्हती अशी. टेबल वाजायला लागलं खाली. आत बसलेला डॉक्टर पडद्याकडे बघत बोलतोय, "हलू नका... मॅडम, हलू नका, चित्र हलतंय." मी बोलायचा प्रयत्न करतेय, तर जबडाच जागेवर नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. कपाळाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. बाहेर जाऊन अंबादासला बोलला, "ह्यांना ॲडमिट करा. आत्ता. घरी नेऊ नका." अंबादास, हा गॅसवाला माणूस, बिचारा मला दोन हातांवर उचलून रिक्षापर्यंत घेऊन गेला. त्याने मला लग्नातसुद्धा उचललं नव्हतं. मला तेवढ्यातही वाटलं की घरात पडलेली लॅबची पेटी कोण परत करणार.

म्युन्सिपालटीचं हॉस्पिटल. कुठलं ते नका विचारू, गर्दी सगळीकडे तीच. एका कॉटवर मी आणि पायाशी दुसऱ्या पेशंटची पिशवी. ताप चढलेला, माणसं पाण्याखालून बोलतायत असं ऐकू येतंय. जान्हवी कॉलेजातून तशीच आलेली, कोपऱ्यात उभी, फोन बंद करून खिशात टाकलाय. म्हणजे तिने आता काहीच वाचायचं नाही असं ठरवलंय, हे मला कळलं. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. मी गेले तर हिला सकाळी कोण उठवेल, अलार्मने ही उठत नाही, असलं काहीतरी डोक्यात.

मग डॉक्टर आली. पोरगीच हो. डॉक्टर रुचिरा असं कोटावर लिहिलेलं. केस विस्कटलेले, ओठ सुकून सालं निघालेली, एका हातात कागद, दुसऱ्यात अर्धं बिस्किट. तिने मला विचारलं, "काकी, बाहेरचं काही खाल्लं होतं?" मी डोळे मिटले. म्हटलं, शिकली सवरली तरी तेच. आणि सवयीने बोलून गेले, नाही गं, मी बाहेर पाणीसुद्धा पीत नाही.

ती थांबली. बिस्किट खिशात ठेवलं. आणि बोलली, "का?"

बघा, एवढ्या सगळ्यांना मी तेच वाक्य सांगितलं. काकूंना, डॉक्टरांना, सासूबाईंना. सगळ्यांना वाटलं, वा, किती चांगली सवय. का, असं कुणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःलासुद्धा नाही. मी बोलले, पाणी प्यायलं की मग जावं लागतं ना. ती बोलली, "मग?" मी बोलले, मग कुठे जायचं?

आणि मग सुटलेच मी. तापात होते, लाज गेली होती. कस्टमरकडे जायचं नाही, मनाई आहे. मॉल अकराला उघडतो, तोवर माझं काम संपत आलेलं. पेट्रोल पंपावरच्याला कुलूप, चावी ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. रस्त्यावरच्या शौचालयात जावं तर पाठीवर लोकांच्या रक्ताची पेटी. आत न्यावी तर कुठे टेकवू, खाली ओलं. बाहेर ठेवावी तर कोण सांभाळणार? एकदा तिथल्या माणसाला सांगितलं, जरा बघा, तर तो बोलला, ह्यात मासळी आहे का. अंबादासचं बरं आहे, त्याला कुठलीही भिंत चालते. मी असं बोलले आणि तो बाजूलाच उभा, मान खाली. डॉक्टर रुचिराने विचारलं, जळजळ होत होती का, किती दिवस? सांगितलं. कुणाला बोललात? नाही. "आणि काम कुठे करता?" लॅबमध्ये. तिने कागद खाली ठेवला. "म्हणजे रोज लोकांच्या लघवीच्या बाटल्या तुम्हीच नेता."

हो.

"त्यातली एक तुमची भरायची ना, काकी."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा. त्या बाटल्या मी किती वर्षं वाहतेय. लेबल लावते, उभ्या ठेवते, सांडू नये म्हणून स्पीड ब्रेकरवर स्कूटी हळू घेते. जगाची लघवी मी वेळेवर पोचवली आणि माझी माझ्या किडनीत जाऊन बसली. इन्फेक्शन वर चढलं होतं, किडनी सुजली होती. म्हणून थंडी, म्हणून ती पाठीकडून पुढे येणारी कळ. ती बोलली, अजून थोडा उशीर झाला असता तर ते रक्तात पसरलं असतं, मग पुढचं काही सांगता आलं नसतं. अंबादास बोलला, "गॅस नाही ना मग?" तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्या माणसाने त्या दिवसापासून गॅस हा शब्द फक्त सिलिंडरसाठी ठेवलाय.

सलाईन लागलं. आता सलाईन म्हणजे पाणीच की, वरून चाललंय, मग खाली येणारच. वॉर्डच्या संडासाला कडी नाही. अंबादास बाहेरून दरवाजा ओढून धरून उभा, एका हाताने सलाईनची बाटली उंच धरलेली, नळी दाराच्या फटीतून आत माझ्यापर्यंत. बायका येतायत जातायत, तो छताकडे बघतोय. बाहेर आले तेव्हा बोलला, "मला आधी सांगायचं होतंस." मी बोलले, सांगून तू काय केलं असतंस? विचार केला त्याने. मग बोलला, "हो, तेही आहे." आणि मला हाताला धरून कॉटवर आणून बसवलं.

घरी सोडताना डॉक्टर रुचिराने बजावलं. भरपूर पाणी प्यायचं, अजिबात तुंबवून ठेवायचं नाही, परत असं झालं तर किडनी दरवेळी सावरेलच असं नाही. मी बोलले, हो. आणि मग विचारलं, पोरी, तुझे ओठ असे का गं सुकलेत? ती जाता जाता बोलली, "आमच्या ड्युटी रूमचा फ्लश बिघडलाय, काकी." आणि गेली पुढच्या कॉटकडे. काय करायचं सांगा. जी आपल्याला वाचवते तिचंसुद्धा तेच.

बरी झाले, कामावर गेले. ठरवून गेले की आता लाजायचं नाही. नितेशला सगळं सांगितलं. तो खरंच हादरला. "ताई, सॉरी यार, मला माहीतच नव्हतं." वरती बोलला तो, खोटं नाही. वरच्यांनी मीटिंग घेतली. आणि लॅबने आम्हा सगळ्या बायकांना एकेक बाटली भेट दिली. पाण्याची. छान आहे, निळी, वर लॅबचं नाव, आणि बाजूला रेषा आखलेल्या, इथपर्यंत नऊला प्या, इथपर्यंत अकराला. मी बोलले, नितेश, भरायची सोय झाली रे, पण रिकामं व्हायची? तो बोलला, "ताई, त्याचं बजेट वेगळं आहे."

मग मीच हिंमत केली. भांडुपला एका घरी रक्त घेतलं, पट्टी लावली आणि विचारलं, मॅडम, जरा बाथरूम वापरू का? त्या बाई बोलल्या, हो हो, जा ना, त्यात काय. किती बरं वाटलं म्हणून सांगू. पुसून बिसून स्वच्छ करून आले. दुपारी नितेशचा फोन. "ताई, रेटिंग आलंय. एक स्टार. काय लिहिलंय माहितीये का, स्टाफ चांगला आहे पण घरात फिरतो."

फिरतो. मी काय त्यांच्या घरात फ्लॅट बघायला गेले होते?

अशात मुलुंडलाच एक नवीन नाव आलं. नलिनीताई. एकट्या राहतात, रिटायर शिक्षिका, शुगर तपासायची. दार उघडलं, मला खालपासून वर बघितलं, पेटी बघितली, आणि मी नमस्कार म्हणायच्या आत बोलल्या, "आधी आत जाऊन ये. उजवीकडचा दरवाजा. रक्त कुठे पळून जात नाही." मी पेटी सावरत चप्पल काढली. त्या बोलल्या, "माझ्या शाळेत बायकांचं होतं ते मागच्या आवारात, मुलांच्या मैदानातून जावं लागायचं. मी सगळी नोकरी सकाळच्या चहावर काढली. आता एकच किडनी धड आहे. जा." काय ते बाथरूम. कडी आहे. खुंटी आहे, तिच्यावर पेटी अडकवली. साबण आहे, टॉवेल आहे, खिडकीत तुळशीएवढं एक छोटं रोप आहे. मी आत उभी राहून रडले थोडी, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मग त्यांनी मला मोठा पेला भरून पाणी दिलं आणि मी ते सगळं, बिनधास्त, उभ्या उभ्या प्यायले. त्या हसून बोलल्या, "पुन्हा कधी येशील?" मी बोलले, तुमची ही टेस्ट दर तीन महिन्यांनी असते, मी माझंच नाव टाकायला सांगते.

खूश होऊन उतरले. म्हटलं, असू दे, तीन महिन्यांतून एकदा का होईना, ह्या सगळ्या पट्ट्यात आपली एक हक्काची जागा झाली. नितेशला सांगून त्यांच्या नावापुढे माझं नाव टाकून घेतलं.

परवा त्यांचा रिपोर्ट आला. मी मुद्दाम विचारला. शुगर एकदम झकास उतरलीय. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आता सहा महिन्यांनी तपासलं तरी चालेल.